माझी चौकशी करा

आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा आला, तर तो कोण, कुठला आणि किती दिवस मुक्कामाला, हे घरच्यांच्या आधी खंदारेभाऊंना कळायचं. ह्याला कुणी चोंबडेपणा म्हटलं तर माझ्याशी गाठ आहे. ती सवय होती. परभणीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, घराला लोखंडी फाटक आणि फाटकात हात मागे बांधून उभे खंदारेभाऊ. "नाव? गाव? काम?" एवढंच विचारायचे, पण असं विचारायचे की माझ्या थोरल्या दिरांनी एकदा घाबरून सगळं सांगितलं आणि वर पिशवी उघडून दाखवली. पिशवीत माझ्यासाठी आणलेली साडी होती. "बाई शाळेतून आल्या न्हाईत अजून," भाऊ म्हणाले, "तवर हितं बसा. पाणी आनतो." तेव्हापासून दीर आमच्याकडे यायचे ते आधी फोन करून.

भाऊ गेले त्याला आता वर्ष होत आलं. हल्ली पाहुणे सरळ आत येतात, कुणी काही विचारत नाही, आणि मला ते अजून बरं वाटत नाही.

लिंबाजी खंदारे हे त्यांचं पूर्ण नाव. बियाण्याच्या एका महामंडळाचं मोठं गोदाम आमच्या गावाबाहेर आहे, तिथं ते चौकीदार म्हणून लागले आणि चढत चढत सुरक्षा अधिकारी झाले. हाताखाली माणसं आली, खुर्ची आली, टेबलावर काच आली. पण सुगीच्या दिवसांत ट्रॅक्टरांची रांग लागली की हा माणूस खुर्ची सोडून फाटकावर. मी एकदा म्हटलं, "भाऊ, आता साहेब झालात, जरा सावलीत बसत जा." तर म्हणाले, "बाई, तुमी हेडमास्तरीन झाल्या म्हनून वर्गावर जायचं सोडलं का?" मी सोडलं होतं.

त्यांच्या फाटकाचा नियम एकच होता. आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक गाडी तपासायची, मग ती कुणाचीही असो. एकदा महामंडळाचे नवे बडे साहेब गोदाम बघायला आले. जाताना भाऊंनी गाडी थांबवली आणि डिकी उघडायला लावली. डिकीत गोदामाच्या आवारातल्या झाडाच्या कैऱ्या, गोणी भरून. "पास?" भाऊंनी विचारलं. साहेब हसले. भाऊ हसले नाहीत. कैऱ्या खाली उतरल्या आणि मगच गाडी गेली. पुढं भाऊंवर जे आलं ते त्या कैऱ्यांमुळे आलं, असं माझं मत आहे. पण हे मत मी त्यांच्यापुढं काढलं की ते बोट वर करायचे. "पुरावा न्हाई बाई. पुरावा न्हाई तर बोलायचं न्हाई." स्वतःच्या वैऱ्यालाही एवढा न्याय देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा संतापच यायचा.

मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. बुद्धविहाराच्या दारात बापानं पाहुण्यांचं स्वागत करायचं. हे उभे राहिले ते ड्यूटीवर असल्यासारखे. नवऱ्या मुलाचे चुलते पूर्ण्याहून आले होते, रेल्वेतला रुबाबदार माणूस. त्यांना यांनी विचारलं, "नाव? काम?" चुलत्यांनी तोऱ्यात सांगितलं, "काम म्हंजे? लग्न लावायचंय!" शेवंतावहिनी, म्हणजे भाऊंच्या मंडळी, धावत आल्या आणि भाऊंना दंडाला धरून आत घेऊन गेल्या. ते चुलते पुढं भाऊंचे असे दोस्त झाले की दर भेटीत आधी स्वतःचं नाव सांगायचे.

गोदामाच्या फाटकाच्या आत भाऊ कुणा शेतकऱ्याचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. "आत पाणी बी आपलं आपलं." पण घरी आलेला वानवळा त्यांनी घेतला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

ते सांगायचं तर झरीच्या सोपानरावांपासून सांगायला हवं. सोपानराव महामंडळासाठी बियाणं पिकवायचे. ओलिताखालची जमीन, माणसांचं मोठं खटलं, बोलण्यात पाटीलकी. भाऊंशी त्यांची पहिली भेट भांडणानं झाली. ऐन उन्हात ट्रॅक्टरांची रांग लागलेली, आणि सोपानरावांनी आपला ट्रॅक्टर बाजूनं काढून थेट फाटकाला आणून लावला. भाऊंनी हात आडवा केला.

"मी कोन हाय, माहीत हाय का?"

"नाव सांगा, मंग व्हईल माहीत. आन सांगून झालं की रांगेत जावा."

सोपानराव पाय आपटत मागं गेले. साखरेचा त्रास, पोटात काही नाही, दुपारी रांगेतच चक्कर येऊन खाली बसले. तेव्हा खंदारे कुटुंब गोदामामागच्या क्वार्टरमध्ये राहायचं. भाऊंनी त्यांना धरून घरी नेलं. वहिनींनी भाकरी, वरण आणि ठेचा वाढला. सोपानराव पोटभर जेवले, वर ताक मागून घेतलं, हात धुतले आणि रांगेत परत जाऊन उभे राहिले. कारण घरी जेवू घातलं तरी भाऊंनी त्यांचा नंबर काही पुढं घेतला नव्हता. ह्या गोष्टीवर सोपानराव आयुष्यभर खूश होते. सगळीकडे सांगायचे, "भाकर दिली, पर नंबर न्हाई दिला. असा मानूस हाय."

पुढच्या सुगीनंतर ते वानवळा घेऊन भाऊंच्या घरी आले. शेतात पिकलं की त्यातलं थोडं सोयऱ्याधायऱ्यांना, शेजाऱ्यांना पोचवायचं, तो वानवळा. देणारा त्याचा हिशोब ठेवत नाही आणि घेणारा नको म्हणत नाही. नको म्हटलं तर तोंडावर दार लावल्यासारखं होतं. शिवाय ज्या भांड्यातून वानवळा आला ते भांडं रिकामं परत करायचं नाही. त्यात आपल्या घरचं काहीतरी घालायचं.

सोपानरावांनी ज्वारी आणली होती आणि पितळी डब्यात तूप. तेव्हा भाऊंच्या आई होत्या. म्हातारीचा जन्म पालमकडच्या खेड्यात गेलेला. सुगीत तिच्या माणसांना खळ्यावरचं उरलंसुरलं मिळायचं, तेही वरून पदरात टाकलेलं. वानवळा तिच्या घरी कधी आला नव्हता, कारण वानवळा बरोबरीच्या घरी जातो. आणि तिच्या घरचं भांडं गावात कुणी हातात घ्यायचं नाही. म्हातारीला नीट दिसत नव्हतं. तिनं तो डबा मांडीवर घेऊन झाकणापासून बुडापर्यंत चाचपला आणि सुनेला म्हणाली, "तूप काढून घे. ह्यात आपलं काईतरी घाल. आन तो नेतो का बग."

वहिनींनी धपाटे घातले. सोपानरावांनी डबा घेतला, अंगणातच उघडला आणि त्यातलं एक धपाटं उभ्या उभ्या खाल्लं. म्हातारी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि संध्याकाळी उठली तेव्हा सुनेला म्हणाली, "आता मला कवाबी नेलं तरी चालंल." वहिनींनी हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोळ्या लाटत होतो. दोघींनाही पुढं लाटता येईना.

म्हणून दरवर्षी तो डबा येत राहिला आणि भरून परत जात राहिला. भाऊंनी आमच्या गल्लीत घर बांधलं तेव्हा डबाही इकडे येऊ लागला. अशाच एका वर्षी, सोपानराव ज्वारीचं पोतं उतरवत असताना, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. पोत्याचं एक टोक सोपानरावांच्या हातात, दुसरं भाऊंच्या, आणि भाऊ तोंडभर हसतायत. मी तो फोटो पाहिलाय. लाच घेणारा माणूस इकडेतिकडे बघतो हो, असा दात दाखवून हसत नाही.

त्याच सुमाराला गोदामात बियाण्याची पोती कमी भरली. कुठून गेली, कुणी नेली, काही पत्ता नाही. पण फोटो होता. ठपका आला की सुरक्षा अधिकाऱ्यानं पासाशिवाय माल सोडला आणि त्याबदल्यात शेतकऱ्यांकडून धान्य खाल्लं. आधी निलंबन, मग विभागीय चौकशी.

चौकशी अधिकाऱ्यानं फोटो पुढं ठेवला आणि विचारलं, "ह्या माणसाकडून तुम्ही पोतं घेतलं का?"

भाऊ ताठ उभे राहून म्हणाले, "घेतलं."

झालं! आरोप मान्य केला, असं कागदावर आलं. मी घरी जाऊन त्यांना फैलावर घेतलं. "अहो, 'घेतलं' काय? पुढं काही सांगायचं की नाही?"

"पुढचं इच्यारलंच न्हाई त्यांनी. घेतलं का म्हनले. घेतलं व्हतं. मंग न्हाई कसं म्हनू बाई?"

पुढचं सांगायला सोपानराव आले होते. स्वच्छ धोतर, फेटा, सकाळपासून कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून होते. "माझी गवाही घ्या," म्हणून शिपायाला सांगत राहिले. संध्याकाळी शिपायानं कुलूप लावलं, तेव्हा उठले. त्यांना कुणी आत बोलावलं नाही. काही दिवसांनी भाऊंच्या बडतर्फीचा कागद आला. त्यावर भ्रष्टाचार हा शब्द होता. भाऊंनी तो कागद वाचला, घडी केली, आणि पहिल्यांदाच फाटकाला आतून कडी लावली.

कडी निघाली ती वहिनींमुळे. "घरात बसून काय व्हतंय? कोडताची पायरी चढा," म्हणाल्या. रिट याचिका खंडपीठात, संभाजीनगरला. माझी लेक तिथंच दिलेली, त्यामुळं तारखेला मी भाऊंसोबत त्याच गाडीनं जायची. वहिनींचे गुडघे, त्यांना प्रवास झेपायचा नाही. न्यायालयाच्या दारात पिशव्या तपासायचं यंत्र होतं. पहिल्याच दिवशी तिथल्या शिपायानं आम्हाला वयस्कर माणसं म्हणून नुसतंच "जा जा" केलं. भाऊ थांबले. "माझी पिशवी बगा." "जाऊ द्या हो काका." "जाऊ द्या न्हाई. बगा." मागं रांग खोळंबली, वकील लोक घड्याळं बघायला लागले. शेवटी त्या शिपायानं पिशवीतला जेवणाचा डबासुद्धा उघडून पाहिला, तेव्हा भाऊ समाधानानं आत गेले. मी मात्र ओळख नसल्यासारखी चार पावलं मागं.

वकीलबाई तरुण होत्या, पण धीरानं समजावून सांगायच्या. "काका, एक आधीच सांगते. तुम्ही लाच घेतली की नाही, हे इथं ठरणार नाही. ज्यांनी तुम्हाला काढलं त्यांनी रीतसर चौकशी केली का, तुमच्या साक्षीदाराला ऐकलं का, तुम्हाला संधी दिली का, एवढंच न्यायालय बघतं."

भाऊ म्हणाले, "म्हंजे गाडी न्हाई तपासायची. तपासनारानं नीट तपासली का, ते तपासायचं."

"अगदी तसंच."

"मंग गाडी कोन तपासनार?"

वकीलबाईंनी फाईल उघडून दुसरंही एक खरं सांगितलं. ज्यांच्याशी कामाचा संबंध येतो त्यांच्याकडून भेटवस्तू घ्यायची नाही, असा नोकरीचा नियम असतोच, त्यामुळं वानवळाही नियमात बसत नव्हता. मी वाद घालायला तोंड उघडलं, तोच भाऊ म्हणाले, "बरुबर हाय. मंग तसं लिवा. वानवळा घेतला म्हनून लिवा आन त्याची काय सजा असंल ती द्या. पर लाच खाल्ली लिवू नका. माझ्या मायनं त्या डब्यावर हात फिरवलाय."

वकीलबाईंनी अजून एक बजावलं. सोपानराव तुमचे साक्षीदार आहेत, खटला चालू असेपर्यंत त्यांची गाठ घेऊ नका, नाहीतर साक्षीदार फोडला म्हणतील. झालं, भाऊंना नियम मिळाला. सोपानरावांचं नाव घरात निघालं तरी ते विषय बदलायचे. आणि शेवटच्या वानवळ्याचा पितळी डबा वहिनींच्या फळीवरच राहिला. तूप केव्हाच संपलं होतं, पण डबा परत करायची सोय नव्हती. वहिनी तो चिंचेनं घासून पुसून पुन्हा फळीवर ठेवायच्या. कुणाचं भांडं घरात अडकलं की बाईमाणसाला चैन पडत नाही, आणि इथं तर वर्षांमागून वर्षं गेली.

निकाल लागला तोवर भाऊंचं नोकरीचं वय उलटून गेलं होतं. निकाल त्यांच्या बाजूनं होता. साक्षीदाराला न ऐकता केलेली चौकशी चालणार नाही, बडतर्फी रद्द, वाटल्यास महामंडळानं नव्यानं रीतसर चौकशी करावी. गल्लीत पेढे वाटले. मीच आणले होते. भाऊंनी पेढा हातात धरला आणि फोनवर वकीलबाईंना विचारलं, "कोडतानं म्हनलं का, की लिंबाजीनं खाल्लं न्हाई?"

"तसं न्यायालय म्हणत नाही, काका. पण तुम्ही जिंकलात."

भाऊंनी पेढा बशीत परत ठेवला.

महामंडळानं कळवलं की खंदारे निवृत्तीच्या वयाचे झाले आहेत, त्यांचं जे काही देणं आहे ते देण्यात येईल आणि नव्यानं चौकशी करण्यात येणार नाही. दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. भाऊंनी अर्ज लिहायला घेतला. शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणला. वर विषय होता, 'माझी चौकशी करणेबाबत'.

जगात माणसं चौकशी टळावी म्हणून हेलपाटे घालतात, हा माणूस ती व्हावी म्हणून घालत होता. कार्यालयातले आधी हसले. "खंदारे, फाईल बंद झाली. पैसे आले ना? मग घरी बसा." मग चिडले. मग त्यांना बघून जेवायला उठू लागले. भाऊ तरी जायचे. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट, वहीत लिहून पाठ केलेले प्रश्न. चौकशी लागली तर सोपानरावांना काय काय विचारायचं, त्याची तयारी. अंगणात येरझाऱ्या घालत ते प्रश्न म्हणायचे आणि मला भिंतीपलीकडून ऐकू यायचे. मला रडू यायचं आणि त्याच वेळी त्यांना धरून गदागदा हलवावंसंही वाटायचं.

"निदान आता तरी सोपानरावांना भेटा," मी म्हटलं, "खटला संपलाय."

"चौकशी बाकी हाय बाई. ते साक्षीदार हायेत."

शेवटी साक्षीदारच आला. हुरड्याचे दिवस होते. सकाळी गल्लीत जीप थांबली आणि मुलाच्या खांद्याचा आधार घेत सोपानराव उतरले. एक बाजू लुळी पडलेली, बोलणं जड झालेलं, पण फेटा तसाच. जीपमध्ये हुरड्याच्या कणसांची पेंढी होती. भाऊ फाटकात उभेच होते. सोपानरावांनी धड हात उचलला. "जय भीम, साहेब."

"राम राम," भाऊ म्हणाले. फाटक मात्र उघडलं नाही. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. "सोपानराव, तुमी साक्षीदार हाव. मला घरात घेता येत न्हाई."

"माहीत हाय. झरीत सगळ्यायला माहीत हाय. तुमी दर हप्त्याला चौकशी मागायलाव म्हनून." सोपानरावांनी दम खाल्ला. "ते काय माझी गवाही घ्यायचे न्हाईत. मी काय आता लय दिवसाचा न्हाई. तुमीच घ्या. हितं घ्या. ही बगा, समदी गल्ली हाय."

खरंच होती. जीप थांबली की आमच्याकडे दारं उघडतात. वहिनी ओसरीवर आल्या होत्या. मी माझ्या पायरीवर. भाऊंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, सदरा खाली ओढला आणि हात मागं बांधले.

"नाव?"

"सोपान."

"गाव?"

"झरी."

"काम?"

सोपानराव ताठ व्हायचा प्रयत्न करत म्हणाले, "वानवळा द्यायला आलोय."

"त्या साली पोतं दिलं, ते माल सोडावा म्हनून दिलं का?"

"न्हाई."

"माझ्या फाटकातून तुमचं बियाणं कधी बिनपासाचं गेलं का?"

"माझा नंबर बी कधी पुढं घेतला न्हाई तुमी."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. भाऊंनी मागं बांधलेले हात सोडले. "मंग कामून दिलं?"

"तुमच्या घरी जेवलो व्हतो म्हनून. आन तुमची माय वाट पाहायची म्हनून."

भाऊंनी पुढचे प्रश्न विचारले नाहीत. त्यांना ते पाठ होते, मलाही होते, पण विचारले नाहीत. त्यांनी कडी काढली, फाटक उघडलं आणि सोपानरावांना दुसऱ्या बाजूनं धरून आत नेलं. त्या दिवशी दोघं किती वेळ बसले, काय बोलले, मला माहीत नाही. मध्ये एकदा धपाट्यांचा वास आला आणि एकदा दोन म्हाताऱ्यांचं हसणं ऐकू आलं, एवढं सांगू शकते.

सोपानराव निघाले तेव्हा भाऊ मागोमाग बाहेर आले. हातात तो पितळी डबा, घासून लखलखीत केलेला. जीपपाशी थांबून त्यांनी झाकण काढलं आणि डबा आमच्या सगळ्यांकडे फिरवून दाखवला. आत धपाटे, वर दह्याची वाटी.

"पाहून घ्या सगळ्यायनी," भाऊ म्हणाले. मग मला शोधून म्हणाले, "बाई, मोबाइल हाय ना? काढा की फोटो."

मी काढला. डब्याचा एक कान सोपानरावांच्या हातात, दुसरा भाऊंच्या, आणि भाऊ तोंडभर हसतायत. पुढं महिन्याभरात ते गेले, ध्यानीमनी नसताना. वहिनींनी भिंतीवर लावायला फोटो मागितला, तेव्हा मी हाच दिला.